पाचव्या मुठीचं पुस्तक

तुम्ही दोघांनी मागच्या रविवारी फोनवर विचारलंत की आईच्या कपाटातल्या त्या घडीच्या लांबलचक पुस्तकात एकही शब्द नाही, नुसते हात आहेत, मग आई त्याला खुनाची गोष्ट का म्हणते. तुमच्या आईने मागून उत्तर दिलं, "आजीला विचारा." मला जरा नवल वाटलं, कारण ती गोष्ट माझी नाही. ती तुमच्या आईच्या काकूची, म्हणजे माझ्या धाकट्या जावेची आहे. पण त्या गोष्टीचं पुस्तक झालं त्यात माझाही हात आहे, आणि तो फारसा चांगला नाही. फोनवर ते सांगता आलं नसतं, म्हणून लिहायला बसले.

आधी मुख्य गोष्ट सांगून टाकते. माझ्या मनात माझ्या जावेबद्दल बारा-तेरा वर्षं मत्सर होता. हेवा म्हणत नाही. हेव्यात दुसऱ्याकडे आहे तसं आपल्याकडेही असावं, एवढंच असतं. मला तिच्याकडे जे होतं ते तिच्याकडे नको होतं. तिच्याकडे होतं ते तुमच्या आईचं लक्ष.

ऐंशीच्या दशकात आम्ही अमळनेरला राहायचो. मी तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. तुमचे आजोबा दुसऱ्या शाळेत गणित शिकवायचे, आणि तुमची आई आमची एकुलती एक. मला वाचनाचा नाद होता, आणि वाचनात इंग्रजी रहस्यकथांचा. कॉलेजच्या ग्रंथालयातून आणायचे, जळगावला काही कामाने गेले तर स्टेशनवरच्या स्टॉलवर जुनी पुस्तकं चाळायचे. मला शहरातले खून आवडायचे नाहीत. लहान खेड्यातले आवडायचे. धुकं, चर्च, टपाल वाटणारी बाई, निवृत्त डॉक्टर, आणि बागेत पडलेलं प्रेत. ही इंग्लंडमधली खेडी मी पाहिली नव्हती, पण त्यांतले रस्ते मला पाठ होते.

प्रत्येक पुस्तकाची नोंद मी एका वहीत करायचे. पुस्तकाचं नाव, मेलं कोण, संशयित किती, खुनी कोण, आणि शेवटच्या रकान्यात मला तो कितव्या पानावर ओळखू आला. शंभराच्या आत ओळखला तर आकडा लाल शाईने. तुमचे आजोबा म्हणायचे, ही वही पोलिसांच्या हाती लागली तर तुलाच आधी धरून नेतील.

माझी फार इच्छा होती की पोरीनेही या वाटेने यावं. रविवारी दुपारी मी तिला समोर बसवायचे आणि पुस्तकातलं एकेक प्रकरण मराठीत करून सांगायचे. ती शांतपणे ऐकायची, मग विचारायची, "त्या बाईने हातमोजे घातले होते ना, ते कसल्या रंगाचे होते?" पुस्तकात ते लिहिलेलं नसायचं. मी म्हणायचे, रंग महत्त्वाचा नाही, तिने ते उन्हाळ्यात का घातले हे महत्त्वाचं. ती मान डोलवायची आणि थोड्या वेळाने पाटी घेऊन कोपऱ्यात चित्र काढत बसायची. मोठी झाली की गोडी लागेल, असं मी धरून चालले होते.

माझे दीर चोपड्याच्या बाजूला, तापीच्या पलीकडे, गावी शेती बघायचे. केळी आणि कापूस. दर मे महिन्यात आम्ही तिकडे जायचो. जाऊ चौथी शिकलेली. दिसायला साधी, हाताला वेगवान, आणि तोंडाला त्याहून. घरात तिचा आवाज सगळ्यात आधी ऐकू यायचा. माझ्याशी बोलताना ती शुद्ध बोलायचा प्रयत्न करायची आणि दोन वाक्यांत अहिराणीवर यायची.

तुमची आई नऊ वर्षांची होती त्या वर्षी आम्ही बिबड्यांच्या दिवसांत पोचलो. बिबडी तुम्ही खाल्लेली आहे. आई तुम्हाला ज्वारीचा पापड म्हणून देते. ज्वारीची कणी आंबवून मोठ्या पातेल्यात शिजवतात. त्या घट्ट लगद्याला चीक म्हणतात. तो गरम असतानाच अंगणात पसरलेल्या ओल्या धोतरावर हाताने गोल, पातळ थापायचा. दुपारी वाळलं की धोतर उलटं करून पाण्याचा हबका मारायचा आणि एकेक बिबडी सोडवायची. तिच्या पाठीवर धोतराची वीण उमटलेली असते. हे काम एकटीचं नाही. गल्लीतल्या पाच-सहा बायका धोतराच्या दोन्ही बाजूंना बसतात, हात चालू असतात आणि कोणीतरी बोलत असतं. त्या अंगणात बोलणारी नेहमी माझी जाऊच असायची.

त्या दिवशी तिने गोष्ट सुरू केली ती अशी: "धाकला भाऊनी मोठा भाऊले मारी टाकं. आते आयका."

पुढची गोष्ट मी माझ्या भाषेत सांगते. ही तिच्या माहेरच्या गावातली, तिच्या लहानपणीची. एका घरात म्हातारा बाप, दोन भाऊ आणि थोरल्याचे दोन मुलगे, असे पाच पुरुष. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भावाभावांचं पटत नव्हतं. एक दिवस थोरला दिसेनासा झाला. धाकटा म्हणाला, सुरतेला गिरणीत कामाला गेला. लोकांचा विश्वास बसला, कारण सुरतेला बरेच जण जायचे. थोरल्याची बायको टपालाची वाट बघू लागली.

मग श्रावण आला आणि कानबाई आली. तुम्ही कानबाईचा सण कधी पाहिला नाही. नागपंचमीनंतरच्या रविवारी ही देवी घरात बसवतात आणि तिच्यासाठी रोट करतात. त्या रोटांचे गहू मोजून घ्यायचे असतात: घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ आणि वर थोडे. माणूस परगावी असला तरी त्याची मूठ घ्यायचीच, उलट त्याची आधी घ्यायची, म्हणजे देवीचं त्याच्यावर लक्ष राहतं. हे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे. एरवी त्या घरी गहू मोजायला भावांची आई बसायची. त्या वर्षी तिचे हात संधिवाताने धरले होते म्हणून धाकटा बसला. समोर भाऊबंदांतली एक म्हातारी गहू निवडत होती. ती माझ्या जावेची आजी.

धाकट्याने बापाच्या नावाने एक मूठ घेतली. स्वतःची घेतली. पुतण्यांच्या दोन घेतल्या. पाचव्यांदा गव्हात हात घातला, मूठ आवळली, वर उचलली, थोडा वेळ तशीच धरली आणि गहू पुन्हा ढिगात सोडून दिले. मग चार मुठी बांधल्या आणि उठला.

म्हातारी उठली. निवडलेले गहू तिथेच ठेवून घरी आली, आणि त्या वर्षी तिने त्या घरचा रोट तोंडात घातला नाही. पोलीस पाटलाकडे जाऊन तिने एवढंच सांगितलं की थोरला सुरतेत नाही, तो मेलेला आहे, आणि हे धाकट्याला माहीत आहे. शेतातल्या बुजवलेल्या विहिरीत तो सापडला. धाकट्याने पोलिसांना फसवलं, भावजयीला फसवलं, पण मेलेल्या माणसाची मूठ जिवंत म्हणून देवीपुढे ठेवायचं धाडस त्याला झालं नाही.

तुमच्या आईच्या हातात खायला दिलेला वाटीभर चीक होता, वर तेल घातलेला. तो गार होऊन त्याच्यावर साय धरली. गोष्ट संपल्यावर तिने विचारलं, "काकू, मूठ सोडली ती कशी सोडली? एकदम की हळूहळू?"

माझ्याकडे आलेल्या अशा प्रश्नांना मी काय उत्तर द्यायचे ते वर लिहिलंच आहे. जाऊ उठली. हात धुतले, पदराला पुसले, घरातून सुपात गहू आणले आणि पोरीसमोर बसून ती मूठ करून दाखवली. बोटं आधी करंगळीच्या बाजूने उघडली. दाणे थोडे थोडे पडले, शेवटी अंगठा सुटला. पोरीने पुन्हा दाखवायला सांगितलं. तिने पुन्हा दाखवली. चीक पातेल्यात घट्ट होत होता, बायका ओरडत होत्या, तरी तिसऱ्यांदाही दाखवली.

मला ते सहन झालं नाही. मी मास्तरिणीच्या आवाजात म्हटलं की गोष्ट चांगली आहे, पण खुनी कोण हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं तर ऐकणाऱ्याला शोधायला काय उरलं? ते शेवटी सांगायला हवं.

जाऊ थापता थापता म्हणाली, "अक्का, मंग तवलगून बठ्ठासवर संशय? पाप लागस." तोवर सगळ्यांवर संशय घ्यायचा, ते पाप, असं तिचं म्हणणं. बायका हसल्या. एक जण म्हणाली, अक्कांच्या पुस्तकात राहायला नको बाई, आपलंही नाव निघायचं. तुमची आईही हसली. ते हसणं मी अमळनेरपर्यंत बरोबर घेऊन आले.

त्या वर्षी तिच्या वह्यांच्या मागच्या पानांवर नुसत्या मुठी. आवळलेल्या, अर्ध्या उघडलेल्या, दाणे गळणाऱ्या.

मग मी एक काम केलं, ते आठवलं की आजही कानकोंडी होते. जावेची गोष्ट मी नीट लिहून काढली. रहस्यकथेच्या नियमांप्रमाणे. चार संशयित घातले, थोरल्याच्या बायकोवर दाट संशय येईल असं केलं, गव्हाची खूण अकराव्या पानापर्यंत लपवून ठेवली आणि खुनी शेवटच्या पानावर. एका रविवारी पोरीला वाचून दाखवली. पाचव्या पानावर तिने विचारलं, "आई, गहू कधी येणार?" मी म्हटलं, थांब, येतील. सहाव्या पानावर तिने पुन्हा विचारलं. सातव्यावर ती उठून चित्र काढायला गेली. तो कागदांचा गठ्ठा मी फाडला नाही, मला कागद फाडवत नाहीत. शाळेच्या जुन्या पेपरांखाली ठेवून दिला.

पुढची दोन वर्षं दर मे महिन्यात तेच. गाडीतून उतरली की पोरगी काकूच्या मागे. काकूच्या तोंडून खून, चोऱ्या, पळून गेलेल्या सुना, आणि प्रत्येक गोष्टीत गुन्हेगाराचं नाव आधी. तिला काकूकडून उठवून जेवायला बसवायचं तर मला दोनदा हाक मारावी लागायची. परत आल्यावर महिनाभर घरात काकूचं नाव.

ती बारा वर्षांची झाली त्या वर्षी मी ठरवलं की यंदा जायचं नाही. जावेला पोस्टकार्ड लिहिलं: पोरीला चित्रकलेच्या परीक्षेची शिकवणी आहे, येता येणार नाही. पोरीला सांगितलं: काकू यंदा मे महिनाभर माहेरी गेली आहे. शिकवणी नव्हती. जाऊ कुठे गेली नव्हती. दोन्हीकडे एकेक वाक्य, आणि दोन्ही वाक्यं मी आठवडाभर मनात घोळवून तयार केलेली.

मे संपता संपता चोपड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने बिबड्यांचा डबा आणून दिला. आमच्याकडे अशा वस्तू एसटीच्या ड्रायव्हरकडेच द्यायची रीत होती. त्याने डब्याबरोबर निरोपही सांगितला, अगदी तिच्या शब्दांत: "पोरले सांगा, नवी गोष्ट तयार शे."

मी डबा घेतला आणि निरोप ठेवून घेतला. पोरीने विचारलं, काकू माहेरी आहे तर बिबड्या कुठून आल्या? मी म्हटलं, मागच्या वर्षीच्या आहेत, जाण्याआधी भरून ठेवल्या होत्या तिने. ती एक बिबडी हातात घेऊन खिडकीपाशी गेली, उजेडात धरून बराच वेळ बघत बसली. मग डब्यात परत ठेवली. मला वाटलं, पटलं.

त्यानंतर आमचं जाणं कमी होत गेलं. एक वर्ष दहावी, एक वर्ष माझं आजारपण, तेही खरं आणि थोडं जास्त करून सांगितलेलं. जावेने कधी तक्रार केली नाही. डबा दरवर्षी यायचा.

बारावीनंतर तुमची आई धुळ्याला चित्रकलेच्या कॉलेजात गेली आणि वसतिगृहात राहू लागली. महिन्यातून एका रविवारी मी तिला भेटायला जायचे. कॉलेजात ग्रंथालय म्हणून एक खोली होती, रविवारी दुपारपर्यंत उघडी. तिथे कलेची मोठमोठी पुस्तकं एका कपाटात कुलपात ठेवलेली. हात धुऊन आलात की मगच ग्रंथपाल ती टेबलावर मांडायचे. ही जुन्या राजा-राण्यांच्या चित्रांची पुस्तकं नव्हती, त्या वेळच्या चित्रकारांची होती. एका पुस्तकात पानोपानी एकाच भिंतीचे फोटो, फक्त सावली सरकलेली. एकाच्या मधोमध भोक पाडलेलं, आणि पान उलटलं की ते मोठं होत जायचं, शेवटच्या पानावर नुसती चौकट. मला हे सगळं पोरकट वाटलं. पण पुस्तकांच्या शेवटी छोट्या टाइपात लांबलचक इंग्रजी लेख असायचे, आणि तुमच्या आईला ते भराभर वाचता येत नव्हते. मी तिला ते वाचून, मराठीत करून सांगू लागले.

ते सात-आठ रविवार माझ्या आयुष्यातले फार चांगले. शेजारी शेजारी बसायचं, मी बोट ठेवून वाचायचं, तिने ऐकायचं. इथे काकूचं काही काम नव्हतं. मी घरून शब्दकोश घेऊन जायला लागले. तिच्या मैत्रिणीही येऊन बसायच्या, आणि मी वर्गातल्यापेक्षा बरं शिकवायचे. एका रविवारी त्या भोकाच्या पुस्तकाचा लेख मी अर्धा सांगितला असेल, तेव्हा तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि अगदी मऊपणे म्हणाली, "आई, मजकूर राहू दे. नुसती पानं उलट ना." मी उलटली. तिने डोळे पुस्तकावरून हलवले नाहीत. शेवटच्या पानावर ती म्हणाली, "ह्याने शेवट आधीच सांगितलाय बघ. पहिल्याच पानावर भोक आहे. तरी आपण बघत राहतो." मग मला म्हणाली, "काकू सांगते तसं."

शब्दकोश मी पुढच्या वेळी नेला नाही.

शेवटच्या वर्षी त्यांना एक मोठं काम करून दाखवायचं होतं. तिने पत्र पाठवलं की ती पुस्तक करणार आहे, विषय गावातला खून, आणि त्यासाठी काकूकडे जाऊन राहणार आहे. परवानगी मागितली नव्हती, कळवलं होतं. दिवाळीनंतर ती तीन आठवडे तिकडे राहिली. येताना अमळनेरला उतरली नाही.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या हॉलमध्ये प्रदर्शन लागलं. तुमच्या आजोबांच्या शाळेत परीक्षा होत्या म्हणून मी एकटीच गेले. जाऊ गावाहून आलेली, नवं लुगडं नेसून, हातात पिशवी. पोरीने आम्हा दोघींना एका लांब टेबलाशी नेलं. तुम्ही बघता तेच पुस्तक. पंख्यासारखं घडीचं, उघडलं की हात दोन हात लांब होत जाणारं. पहिल्या चार घड्यांवर एकेक आवळलेली मूठ. मग पुढच्या सगळ्या घड्यांवर एकच मूठ, पाचवी, जी उघडत जाते. आधी करंगळी, शेवटी अंगठा. शेवटच्या घडीवर मोकळा तळहात.

हात कोणाचा ते मला लगेच कळलं. अंगठ्याच्या मुळाशी विळ्याची जुनी खूण होती. जाऊ आपलाच हात पुस्तकाशेजारी ठेवून बघत होती आणि आजूबाजूची मुलं हसत होती. मी पुन्हा पहिल्या घडीपासून बघत गेले. खरं सांगते, मी त्यात माझं काहीतरी शोधत होते. एखादं बोट, एखादी बांगडी.

मग मला दिसलं की कागद साधा नाही. सगळ्या पुस्तकभर कापडाची वीण उमटवलेली आहे, आणि मधून एक आडवी, जाडसर, वाकडी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आहे. मी विचारलं, "ही रेघ कसली?"

"काकूच्या धोतराची शिवण," पोरगी म्हणाली. "बिबड्यांचं धोतर. त्यालाच शाई लावून कागदावर दाबलंय. मी सहावीत होते तेव्हा, आपण निघालो त्या दिवशी, वासराने ते ओढलं आणि फाटलं. बिबड्या सगळ्या होऊन गेल्या होत्या. काकूने नंतर शिवलं असणार." ती माझ्याकडे न बघता घड्या सरळ करत होती. "ही शिवण मी पहिल्यांदा बघितली ती त्याच्या पुढच्या वर्षी. डब्यातल्या बिबड्यांवर. काकू माहेरी होती ना, त्या वर्षी."

म्हणजे त्या बिबड्या जुन्या नव्हत्या, हे बारा वर्षांच्या पोरीला खिडकीपाशीच कळलं होतं. आणि काकू घरी होती, हेही.

जाऊ म्हणाली, "मी? माहेरले? कोणता वरीस?" आणि मग तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला किती वेळ लागला म्हणाल, तर पापणी लवेपर्यंत. लगेच पोरीला म्हणाली की हो, गेली होती ती चार दिवस, तिची आई आजारी होती, आणि डबा पाठवला तेव्हा निरोपही दिला होता नव्या गोष्टीचा, पण ड्रायव्हर विसरला असेल, ते लोक कुठे लक्षात ठेवतात.

पोरगी घड्या सरळ करत राहिली. माझ्या वहीत शेवटच्या रकान्यात कितीतरी लाल आकडे होते. मला कोणी पकडलं नव्हतं कधी.

मी म्हटलं, "ड्रायव्हर विसरला नव्हता. निरोप मला मिळाला होता. काकू कुठे गेली नव्हती, मीच खोटं सांगितलं. तू तिच्याकडे जाऊ नयेस म्हणून."

जाऊ माझ्यावर चिडली. हळू आवाजात, पण चिडली. "अक्का, मी ड्रायव्हरवर ढकललं होतं ना? मग कशाला बोललात?" पोरगी म्हणाली, "मला माहीत होतं, आई." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली की तिला वाटलं, मी सांगेन. मग वाटलं, आता नाही सांगणार. आणि मग धोतर मागून आणायला गेली तेव्हा काकूलाही विचारायचं तिने टाळलं. एवढ्यात तिचे एक सर आले आणि पुस्तकाबद्दल विचारू लागले, त्यामुळे आम्ही दोघी बाजूला झालो. जावेने पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी मला दिली.

प्रदर्शन संध्याकाळी आवरलं. पोरीची परीक्षा संपली होती, वसतिगृहातली खोली रिकामी करायची होती. तिची वळकटी आणि पत्र्याची पेटी घेऊन आम्ही तिघी चोपड्याच्या गाडीत बसलो. ती अमळनेरवरूनच जाते. मी आणि पोरगी अमळनेरला उतरणार, जाऊ पुढे जाणार. पोरगी आमच्या मध्ये बसली, मांडीवर पुस्तक.  शहर मागे पडल्यावर पोरीने विचारलं, "काकू, ती नवी गोष्ट कोणती होती?"

जाऊ आधी नको म्हणाली, विसरले म्हणाली. माझ्याकडे एकदा पाहिलं. मग पाय वर घेऊन बसली. "जवाईले सासूनी मारं," ती म्हणाली. "आते आयका."

पुढच्या बाकावरच्या दोन बायका मागे वळल्या. कंडक्टर तिकिटं देऊन झाली तरी आमच्या बाकाशीच रेलून उभा राहिला. मीही ऐकत होते. त्या सासूच्या अंगणात आपण उभ्या आहोत असं मला वाटत होतं, आणि त्याच वेळी पोरीचा खांदा माझ्या बाजूने सुटून जावेच्या बाजूला झुकलेला मला कळत होता. दोन्ही खरं होतं. गोष्ट चांगली होती म्हणून मत्सर कमी झाला नाही.

सासू दळण घेऊन घराबाहेर पडली, इथपर्यंत आलो होतो आणि अमळनेरचं स्टँड आलं. कंडक्टर म्हणाला, उतरणारे उतरा, गाडी थांबायची नाही. पोरगी उठली आणि अर्धवट उभी राहिली. जाऊ बोलायची थांबली आणि मुद्दाम खिडकीबाहेर बघू लागली. पोरीला तिने थांब म्हटलं नाही.

मी म्हटलं, "तू जा काकूबरोबर. वळकटी मी नेते."

"तूही चल ना, आई."

मी म्हटलं, पेपर तपासायचे आहेत. ते खरं होतं. पण पेपर दोन दिवस थांबले असते. वळकटी खांद्यावर घेऊन उतरले, पेटी कंडक्टरने खाली दिली. गाडी वळली तेव्हा खिडकीतून दिसलं, पोरगी माझ्या जागेवर सरकली होती, पुस्तक आता दोघींच्या मांडीवर आडवं होतं, आणि जावेचा हात हवेत उठला होता, म्हणजे गोष्ट पुढे सुरू झाली होती.

स्टँडवर टांगा नव्हता. पेटी एका हातात, वळकटी दुसऱ्या खांद्यावर, अशी मी घरापर्यंत चालत गेले आणि वाटेत दोनदा ओझं खाली ठेवून उभी राहिले. आजोबांनी दार उघडून विचारलं, पोर कुठे आहे? मी सांगितलं, काकूकडे गेली. ते म्हणाले, तू पाठवलीस? मी हो म्हटलं आणि दिवा लावून पेपर तपासायला बसले.